धावणारीची उपजीविका : सावरपाडा ते ग्वांगझू आणि पुढे

महिला खेळाडूंचा इतिहास आपल्याकडे बहुधा पदकांच्या यादीतून सांगितला जातो. कोणत्या साली, कोणत्या गावी, कितवा क्रमांक. यादी खरी असते, उपयोगीही असते. पण दोन पदकांच्या मध्ये जी वर्षे जातात त्या वर्षांत त्या बाईने खाल्ले काय, भाडे कसे भरले, बूट कोणाच्या पैशाने घेतले, याबद्दल ती यादी काही बोलत नाही. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हा दुसरा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना आपण पगार, पाळ्या आणि चाळीतली खोली यांच्याबद्दल लिहितो. मग खेळाडूचा इतिहास लिहिताना तेवढा ‘जिद्द’ हा एक शब्द टाकून मोकळे का होतो?

हा हिशेब मांडण्यासाठी मी नाशिक जिल्ह्यातली एक कारकीर्द निवडली आहे. कविता राऊत. जन्म १९८५, गाव सावरपाडा, हरसूलजवळ, तालुका त्र्यंबकेश्वर. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ असे नाव दिले आणि ते चिकटले. नाव देणाऱ्यांच्या लक्षात आले होते की नाही कोण जाणे, पण त्या पाड्याच्या जवळपासून रेल्वेचा रूळ जात नाही.

आधी खेळाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण कविता जे धावली ते अंतरच मुळी बायकांसाठी नवे होते. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत पहिल्यांदा झाली. शर्यत संपल्यावर काही धावपटू दमून खाली बसल्या, आणि त्याच्या तिखटमीठ लावलेल्या बातम्या जगभर गेल्या. पुरुष धावपटू शर्यतीनंतर आडवा झाला तर तो शर्थीने लढला असे लिहितात. बाई बसली तर तिच्या प्रकृतीला हे झेपत नाही असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर १९६० पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, ऑलिम्पिकमध्ये बायकांना २०० मीटरहून लांब धावताच आले नाही. १५०० मीटर आले १९७२ साली. मॅरेथॉन १९८४ साली. दहा हजार मीटर १९८८ साली, सोलमध्ये. पाच हजार मीटर तर १९९६ साली. म्हणजे सावरपाड्यात कविता जन्मली तेव्हा ज्या शर्यतीने पुढे तिला नाव दिले ती शर्यत ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात नव्हतीच.

आता सावरपाड्याचा परिसर. नाशिकहून त्र्यंबकेश्वर आणि तिथून पुढे घाट उतरत हरसूल, पलीकडे गुजरात. पावसाळ्यात या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये हंडाभर पाण्यासाठी बायकांना डोंगर चढावा-उतरावा लागतो. नागली, वरई, भात हे पीक. पीक निघाले की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. वाचकांना २०२२ च्या जानेवारीतले एक छायाचित्र आठवत असेल: याच तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन खोल नदीपात्रावर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून चालताहेत. ते छापून आल्यावर तिथे घाईघाईने लोखंडी पूल बसवला गेला आणि त्याच वर्षीच्या जुलैतल्या पुरात तो वाहून गेला.

असे चित्र पाहिले की शहरातला माणूस लगेच म्हणतो, या मुली जन्मजात काटक असतात, म्हणून त्या धावतात. नाशिकमधल्या सत्कार समारंभांत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि बोलणारा ते कौतुकानेच म्हणत असतो. तरी मला ते पटत नाही. काटकपणाने काम भागले असते तर त्या बल्ल्यांवरून जाणारी प्रत्येक बाई आशियाई स्पर्धेत गेली असती. केनियातल्या धावपटूंबद्दलही जग असेच बोलते. उंचावरचा प्रदेश, लहानपणी शाळेत पळत जाणे, पायांची ठेवण. त्याच्या जोडीला जे सांगितले जात नाही ते असे की केनियात पोलीस, लष्कर आणि तुरुंग खाते धावपटूंना नोकऱ्या देतात, त्यांचे संघ असतात, आणि त्या संघांत जागा मिळवण्यासाठी शेकडो पोरे-पोरी रोज सकाळी धावतात. काटकपणाला पगार मिळाला की त्याची कारकीर्द होते. पगार मिळाला नाही तर तो हंडा वाहण्यात खर्च होतो.

धावण्याचा खेळ या पाड्यांवर रुजला याचे मोठे कारण मला आर्थिक वाटते. या खेळाला सुरुवातीला काही विकत घ्यावे लागत नाही. हॉकीला काठी लागते, क्रिकेटला सगळेच लागते, टेनिसची गोष्टच नको. कविता सुरुवातीला अनवाणी धावली हे तिच्याबद्दलच्या प्रत्येक लेखात असते, आणि वाचकाचे डोळे पाणावावेत म्हणून असते. मी त्याकडे प्रवेश शुल्क म्हणून पाहते. ज्या एका खेळाचे प्रवेश शुल्क शून्य होते तो तिने निवडला. शुल्क नंतर सुरू होते: स्पाइकचे बूट, खुराक, शहरात राहणे, स्पर्धेच्या गावी जाण्याचे तिकीट. आणि तिथेच बहुतेक मुली गळतात.

या गळतीच्या जागी नाशिकला एक माणूस उभा होता. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग. परप्रांतातून आलेल्या या प्रशिक्षकाने आदिवासी तालुक्यांतल्या शालेय स्पर्धांमधून मुली हेरल्या, त्यांना नाशिकला आणले आणि भोसला मिलिटरी स्कूलच्या परिसरातल्या मैदानावर त्यांच्याकडून वर्षानुवर्षे मेहनत करून घेतली. भोसला ही संस्था १९३७ साली डॉ. बा. शि. मुंजे यांनी उभारली. मुलग्यांना सैनिकी शिक्षण देण्यासाठी काढलेल्या संस्थेच्या मातीवर पुढे पाड्यावरच्या मुली देशासाठी तयार झाल्या, असे वळण संस्थापकांच्या मनात खचितच नसणार. कविता ही त्या परंपरेतली पहिली मोठी धावपटू. तिच्यामागून दिंडोरी तालुक्यातली मोनिका आथरे आली, चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव आली. क्रिकेटच्या नकाशावर नाशिक कधी मोठे नव्हते. लांब पल्ल्याच्या धावण्यात मात्र या शहराचे नाव देशभरच्या प्रशिक्षकांना ठाऊक झाले ते या काळात.

राष्ट्रीय शिबिरात गेल्यावर कविता बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली आली. हे गृहस्थ शिस्तीचे कडक म्हणून प्रसिद्ध होते. २०२१ साली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्याकडे तेव्हा दोन मुली होत्या: केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली प्रीजा श्रीधरन आणि नाशिकची कविता राऊत. दोघी डोंगराळ भागातल्या, दोघी गरिबीतून आलेल्या. प्रीजाला रेल्वेत नोकरी, कविताला ओएनजीसीत.

८ ऑक्टोबर २०१०, दिल्लीचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम, राष्ट्रकुल स्पर्धा. बायकांची दहा हजार मीटर म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. पहिली आणि दुसरी केनियाची: ग्रेस मोमान्यी आणि डोरिस चांगेयवो. तिसरी कविता, वेळ ३३ मिनिटे ५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. स्त्री-पुरुष मिळून पाहिले तर १९५८ साली कार्डिफला मिल्खा सिंग यांनी सुवर्ण मिळवले होते, त्यानंतर ५२ वर्षांनी ट्रॅकवरचे हे वैयक्तिक पदक. मिल्खा सिंगांवर चित्रपट निघाला हे सर्वांना माहीत आहे.

४४ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, चीनमध्ये ग्वांगझू इथे आशियाई स्पर्धा. पुन्हा २५ फेऱ्या. या वेळी प्रीजा पहिली, ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद, कविता दुसरी, ३१ मिनिटे ५१.४४ सेकंद. दोघींमध्ये एका सेकंदाहूनही कमी अंतर. दिल्लीतल्या वेळेपेक्षा कविताची ही वेळ जवळजवळ सव्वा मिनिटाने कमी आहे. दर फेरीचा हिशेब मांडला तर दिल्लीत सरासरी ७९ सेकंदांहून थोडी जास्त, ग्वांगझूमध्ये ७६.५ सेकंदांच्या आत. अर्थात पदकासाठीच्या शर्यतीत वेळेपेक्षा डावपेच मोठे असतात, दिल्लीची दमट हवाही वेगळी; त्यामुळे दोन आकड्यांची तुलना जपून करावी. तरीही धावण्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना विचारा, दहा हजार मीटरमध्ये सव्वा मिनिट म्हणजे काय असते. त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये प्रीजाला रौप्य, कविताला कांस्य. तिथेही दोघींमध्ये सेकंदाहून कमी अंतर. एकाच शिबिरात, एकाच प्रशिक्षकाकडे, रोज एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकून धावणाऱ्या दोन मुलींचा हा निकाल आहे. त्यातली एक नसती तर दुसरीची वेळ तशी आली असती असे मला वाटत नाही. पण पदके देताना सोबतीला पदक देत नाहीत.

२०१२ साली कविताला अर्जुन पुरस्कार मिळाला. अर्धमॅरेथॉनमधली तिची १ तास १२ मिनिटे ५० सेकंद ही वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षीच्या लंडन ऑलिम्पिकला मात्र ती नव्हती. धावपटूच्या आयुष्यात हे सर्वांत निर्दय गणित असते: ऐन भराचा काळ आणि ऑलिम्पिकचे वर्ष जुळावे लागते. २०१० साली ऑलिम्पिक असते तर, हे वाक्य लिहिण्याला इतिहासात अर्थ नाही, पण ते मनात येऊन जाते. मग तिने अंतर वाढवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत मॅरेथॉनचे सुवर्णपदक, २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंद. रिओसाठी पात्रतेची मर्यादा होती २ तास ४५ मिनिटे. वयाच्या ३१व्या वर्षी ती ऑलिम्पिकला गेली. रिओच्या उन्हात तिची वेळ २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागली, क्रमांक १२०. त्याच शर्यतीत ओ. पी. जैशा अंतिम रेषेवर कोसळली आणि वाटेत भारतीय धावपटूंना पाणी मिळाले की नाही यावरून मोठा वाद झाला. त्या गदारोळात १२० हा आकडा वर्तमानपत्रांतून एका ओळीत निघून गेला. सहा वर्षांपूर्वी ज्यांनी मिरवणुका काढल्या होत्या त्यांना तो आकडा गैरसोयीचा असणार.

पदकांची यादी इथे संपते. आता हिशेब.

भारतात मैदानी स्पर्धेतल्या खेळाडूचा ‘व्यवसाय’ म्हणजे सरकारी किंवा सार्वजनिक उद्योगातली नोकरी. हा रिवाज जुना आहे. रेल्वेने खेळाडूंना नोकऱ्या द्यायला इंग्रजांच्या काळातच सुरुवात केली. पुढे पोलीस, लष्कर, बँका, तेल कंपन्या त्यात आल्या. पी. टी. उषा रेल्वेच्या. प्रीजा रेल्वेची. कविता ओएनजीसीची. या पद्धतीचे गुण मी आधी सांगते, कारण तिला नावे ठेवणे ही आजकाल फॅशन झाली आहे. नोकरी असलेल्या खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, दुखापत झाली तरी मिळतो. बाळंतपणाची रजा असते. निवृत्तीनंतर काय, हा प्रश्न निदान अर्धा सुटलेला असतो. घरच्यांच्या दृष्टीने तर मुलीचे धावणे कायदेशीर होते. ‘पोरगी मैदानावर जाते’ याऐवजी ‘पोरगी ओएनजीसीत आहे’ असे सांगता येते. लग्नाच्या बाजारातही या वाक्याला किंमत आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

नोकरीच्या जोडीला दुसरे उत्पन्न रस्त्यावरच्या शर्यतींचे. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २००५ साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन, २००८ साली बंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत. या शर्यतींत भारतीय धावपटूंसाठी वेगळी बक्षिसे ठेवलेली असतात. पाठोपाठ महापालिका, शिक्षण संस्था, पोलीस खाते यांच्या मॅरेथॉन निघाल्या. ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, वसई-विरारची महापौर मॅरेथॉन, आमच्या नाशिकला मविप्रची. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी हा नवा हंगाम तयार झाला. जसे द्राक्षाच्या छाटणीला मजूर गावोगाव फिरतात तसे धावपटू नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावोगाव फिरू लागले. यात धोका असा की बक्षीस मिळवायचे तर वारंवार धावावे लागते आणि वारंवार रस्त्यावर धावले की ट्रॅकवरची मोठी शर्यत हातची जाते. पोट आणि पदक यांच्यातली ही ओढाताण लांब पल्ल्याच्या खेळाडूला रोज सोसावी लागते. ज्याच्याकडे नोकरी आहे त्याला शर्यत सोडून देता येते. ज्याच्याकडे नाही तो तापातही धावतो.

जगात दुसरीकडे हा हिशेब कसा मांडला जातो हे पाहण्यासाठी मला ऑस्ट्रेलियाचे उदाहरण उपयोगी वाटते. तिथला देशी फुटबॉल हा आपल्याला ठाऊक असलेल्या फुटबॉलपेक्षा वेगळा: लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, हातानेही खेळायचे, धडका द्यायच्या. बायका हा खेळ शंभर वर्षांपासून खेळतात. १९१५ साली पर्थमध्ये एका मोठ्या दुकानात काम करणाऱ्या मुलींनी सामना खेळल्याची नोंद आहे. पण बायकांची राष्ट्रीय व्यावसायिक लीग सुरू व्हायला २०१७ साल उजाडले. ३ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नमध्ये कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूड हा पहिला सामना झाला. मैदान साडेचोवीस हजारांनी भरले, दरवाजे बंद करावे लागले आणि लीगच्या प्रमुखांना बाहेर ताटकळलेल्या लोकांची माफी मागावी लागली.

इतकी गर्दी, आणि खेळाडूंचा पगार? पहिल्या मोसमात बहुसंख्य मुलींना सुमारे साडेआठ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, निवडक नामांकित खेळाडूंना २७ हजार. आधी देऊ केलेली रक्कम तर याहून कमी होती. खेळाडूंच्या संघटनेने भांडून ती वाढवून घेतली. या पैशांत ऑस्ट्रेलियात वर्ष निघत नाही. म्हणून मेलबर्न संघाची कर्णधार डेझी पिअर्स ही रुग्णालयात सुईण म्हणून काम करत होती. बाकीच्या शिक्षिका, सुतारकाम करणाऱ्या, विद्यार्थिनी. दिवसभर काम, संध्याकाळी सराव, शनिवार-रविवारी टीव्हीवर सामना. एरिन फिलिप्स अमेरिकेत व्यावसायिक बास्केटबॉल खेळून परत आली आणि या खेळात दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१९ साली तिच्या ॲडलेड संघाचा अंतिम सामना ५३ हजारांहून अधिक लोकांनी मैदानात बसून पाहिला. २०२२ साली नवा करार झाला आणि सर्वांत खालच्या श्रेणीचा पगार २० हजारांवरून ३९ हजार डॉलरवर गेला. तरीही पूर्ण वर्षाची नोकरी म्हणता येईल असा बारमाही करार व्हायला आणखी एक वर्ष लागले.

दोन पद्धती शेजारी ठेवल्या की गंमत दिसते. ऑस्ट्रेलियातल्या मुलीला लीग मिळाली, प्रेक्षक मिळाले, पण पोटाची नोकरी तिची तिलाच करावी लागली. नाशिकच्या मुलीला पोटाची नोकरी मिळाली, पण तिच्या खेळाला लीग नाही, तिकीट काढून पाहायला येणारा प्रेक्षक नाही. एकीला काम सोडून खेळायला वेळ काढावा लागतो, दुसरीला खेळण्यासाठीच पगार मिळतो. वरवर पाहता दुसरी सुखी वाटते. फरक असा की ऑस्ट्रेलियातल्या मुलींच्या मागे संघटना होती. त्या एकत्र बसून वाटाघाटी करू शकत होत्या. आपल्याकडे नोकरी ही एकेका खेळाडूला, एकेका पदकावर, शासनाने केलेल्या मेहेरबानीसारखी मिळते. मेहेरबानीवर वाटाघाट करता येत नाही, अर्ज करता येतो.

आपल्याकडे वाटाघाटीच्या वाटेवर गेला तो एकच खेळ, क्रिकेट. १९७३ साली पुण्यात बायकांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा संघ तीनच होते. त्या पिढीतल्या खेळाडूंनी अनारक्षित डब्यांतून प्रवास केला आणि वसतिगृहांच्या फरशीवर गाद्या टाकून झोपा काढल्या. २००६ साली महिला क्रिकेट बीसीसीआयकडे आले, पहिले वार्षिक करार २०१५ साली झाले, २०२२ साली सामन्याचे मानधन पुरुषांइतके झाले आणि २०२३ साली लीगच्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर सिन्नरची माया सोनवणे. चेंडू टाकताना तिचे डोके असे खाली वळते की तिला फलंदाज दिसतो तरी कसा, असा प्रश्न पडावा. ही लेगस्पिनर मे २०२२ मध्ये गहुंज्याच्या मैदानावर व्हेलॉसिटी संघाकडून खेळली आणि तिच्या शैलीची चित्रफीत दोन दिवसांत देशभर फिरली. विडीच्या आणि कारखान्यांच्या सिन्नरमधली मुलगी टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळते आहे, हे दहा वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. धावणाऱ्या मुलींच्या वाट्याला असा लिलाव नाही, येण्याचे चिन्हही नाही. २५ फेऱ्यांची शर्यत अर्धा तास बसून पाहणारा जाहिरातदार अजून जन्मायचा आहे.

म्हणून पुन्हा नोकरीकडे यावे लागते. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत ५ टक्के जागा राखून ठेवल्या. कोणत्या पातळीच्या स्पर्धेत कितवा क्रमांक, यावर कोणत्या गटाची नोकरी हे ठरते. कागदावर हा निर्णय चांगला आहे आणि त्याने अनेक घरे उभी राहिली. पण प्रमाणपत्राला नोकरीची किंमत आली की प्रमाणपत्राचा काळाबाजार सुरू होतो. ट्रॅम्पोलिनसारख्या, सामान्य माणसाने कधी न पाहिलेल्या खेळांच्या बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या घेतल्याची प्रकरणे राज्यात उघडकीला आली. परिणाम असा की खऱ्या खेळाडूलाही आता पडताळणीच्या खेपा घालाव्या लागतात. याखेरीज असामान्य कामगिरी करणाऱ्या खेळाडूंना थेट नियुक्ती देण्याची वाट आहे. साताऱ्याच्या माणदेशातली ललिता बाबर रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिची महसूल खात्यात नियुक्ती झाली. तिच्या कर्तृत्वाबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही.

कविताने या वाटेसाठी अर्ज केला आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०२४ साली ती जाहीरपणे बोलली. इतर खेळाडूंना वर्ग एकची पदे दिली गेली, आपल्याला मात्र डावलले गेले, आणि आपण आदिवासी असल्यामुळे हा भेदभाव होत आहे, असा तिचा आरोप होता. राष्ट्रकुल पदकाला तेव्हा १४ वर्षे होत आली होती. तिच्या आरोपाच्या बाजूने किंवा विरुद्ध निवाडा देणे हे या लेखाचे काम नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या घटनेत एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पाड्यावरून आलेली, मोजकेच बोलणारी मुलगी म्हणून वर्तमानपत्रांनी जिचे कौतुक केले, तिने चाळिशीच्या उंबरठ्यावर कौतुक बाजूला ठेवून आपल्या पदाची श्रेणी विचारली. सत्काराच्या शाली पुष्कळ झाल्या, वर्ग कोणता ते सांगा, असा तो प्रश्न होता. काही लोकांना ते आवडले नाही. ओएनजीसीत आहे ना, मग आणखी काय हवे, असे मी नाशिकमध्येच ऐकले. हाच प्रश्न पुरुष कुस्तीगिराला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

तिच्या मागून आलेल्या मुलींची कहाणी थोडक्यात सांगते. मोनिका आथरेने २०१७ साली दिल्लीची मॅरेथॉन २ तास ३९ मिनिटे ८ सेकंदांत जिंकली आणि त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत ती धावली. संजीवनी जाधवने २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाच हजार मीटरचे कांस्य आणि तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरचे रौप्य मिळवले. पुढे तिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड हे बंदी असलेले औषध सापडले आणि दोन वर्षे ती खेळाबाहेर राहिली. बंदी संपवून ती परत ट्रॅकवर आली. या दोघींपाठीमागे आणखी कित्येक मुली आहेत ज्या राष्ट्रीय स्पर्धेत चौथ्या, पाचव्या, सातव्या आल्या. मला त्या चौथीची कारकीर्द लिहायला आवडेल. तिसरीला प्रमाणपत्र असते, त्यावर नोकरीचा गट ठरतो. चौथीला फक्त आपली वेळ ठाऊक असते.

ती चौथी पुढे काय करते हे नाशिककरांना रोज पहाटे दिसते. गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, साडेपाचपासून चालायला येणाऱ्या पेन्शनरांच्या मधून मुलींचे घोळके पळत असतात. पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवणकडच्या. पंचवटीत चौघी-पाचजणी मिळून एक खोली घेऊन राहणाऱ्या. त्यांच्यातल्या अनेकींनी शाळेत असताना तीन हजार, पाच हजार मीटरच्या शर्यती जिंकलेल्या असतात. आता त्या ८०० मीटर धावतात, मग १०० मीटर, मग कोपऱ्यात जाऊन लोखंडी गोळा फेकतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत महिलांना एवढेच असते: ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५.